चिंधूभाऊंचं चावडीवाचन

आमच्या घरात एक गोष्ट मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे. लग्नकार्यात पंगती उठल्या आणि सतरंज्यांवर माणसं लवंडली, की कुणीतरी म्हणतंच, "काकू, ती भागाबाईची सांगा." मग मी पदर सावरून बसते. ह्या गोष्टीत डोंगरातलं गाव असतं, लोखंडी पेटी असते, एका गरीब बाईचं जमिनीवरचं नाव जायच्या बेतात असतं आणि ते नाव वाचवणारी एक हुशार तलाठीबाई असते. तलाठीबाई म्हणजे अर्थातच मी. माझी नजर तेव्हा घारीसारखी असते. आमचे हे नारायणगावच्या बाजूला शाळेत गणित शिकवतात, ते कोपऱ्यातून दर वेळी म्हणतात, "घारीला सकाळी चष्मा मीच शोधून दिला."

गेल्या महिन्यात आमची मुक्ता घरी आली. पुण्यात कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. बसल्या बसल्या तिनं फोनवर माझ्या माहेरचा, जुन्नरकडचा सातबारा काढला. चहा गाळून होईपर्यंत कागद हजर. "आई, तुमचं सरकार चक्क चालतं की गं! पण ह्यात जे लिहिलंय ते बरोबर आहे, हे ठरवलं कुणी?"

"मी," असं सवयीनं म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द तिथंच राहिला. डोळ्यांपुढे हाताचा पंजा उभा करून एक माणूस उभा राहिला. चिंधूभाऊ. माझ्या इतक्या वर्षांच्या गोष्टीत त्यांचं नाव पेटी उचलणारा कोतवाल एवढंच यायचं, आणि अलीकडे तर पेटीसुद्धा मीच उचलू लागले होते. तेव्हा ही दुरुस्ती.

कोतवाल म्हणजे तलवारवाला नव्हे. आमच्या महसूल खात्यात कोतवाल हा तलाठ्याच्या हाताखालचा गावकामगार. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, दप्तराच्या पेटीला ऊन दाखवायचं. मी डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याला वळसा घालून जावं लागतं त्या बाजूच्या वाड्यांवर बदलून गेले, तेव्हा चिंधूभाऊंची नोकरी माझ्या वयाच्या आसपास पोचलेली होती. शिडशिडीत माणूस. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात सरकारी कागद आणि खालच्या खिशात हिरड्याचे तुकडे. हिरडा ते सगळ्यांना देत. खोकल्यावर देत, पोटदुखीवर देत आणि भांडायला आलेल्या माणसालाही देत. "तोंडात हिरडा आसला की मानूस कमी बोलतो," हे त्यांचं शास्त्र. पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही एक तुकडा दिला. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला "भाऊसाहेब" अशी हाक मारली. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. मी म्हटलं, "अहो, मी बाई आहे."

"व्हय की. दिसतंय."

"मग मॅडम म्हणा."

"खुर्ची भाऊसाहेबाची हाय," ते शांतपणे म्हणाले. "तिच्यात बसायला कुनीबी बसू द्या."

असा तो विषय संपला. माझ्या सासूबाई एकदा हौसेनं माझं गाव बघायला आल्या आणि "भाऊसाहेब, पातळाचा काठ चाकात जाईल," हे ऐकून परतीच्या एसटीत घोडेगावपर्यंत हसत होत्या.

ते दिवस सातबारा संगणकावर आणायचे होते. हातानं लिहिलेले जुने सातबारे पेटीत. त्यांच्याशी संगणकातला सातबारा ओळ न् ओळ जुळवायचा, चुका दुरुस्त करायच्या आणि मग आपली डिजिटल सही करायची. सहीसाठी पेनड्राइव्हसारखं एक यंत्र असतं, त्याला डोंगल म्हणतात. ते लॅपटॉपला लावायचं, पिन टाकायची, झाली सही. सांगायला सोपं आहे. आमच्या वाड्यांवर रेंज फक्त एका ठिकाणी यायची. वरच्या धारेवर, हिरड्याच्या झाडाखाली एक खडक होता तिथं. म्हणून माझं कार्यालय म्हणजे तो खडक. वरती बसून मी सर्व्हरची वाट बघायची, आणि चिंधूभाऊ चढण चढत येणाऱ्यांना खालीच सांगायचे, "बसा रं जरा. वरचे आजून उठले न्हाईत." वरचे म्हणजे सर्व्हर. त्यांच्या लेखी तो कुणीतरी मोठा साहेब होता आणि दुपारी झोपत होता.

भर आवणीत एकदा आम्ही त्या खडकाकडे निघालो आणि पावसानं गाठलं. भाताची आवणी चालली की त्या बाजूला पाऊस माणसाला विचारत नाही. चिंधूभाऊंकडे पाठीवर घ्यायचं पानांचं एकच इरलं होतं. त्यांनी ते काढलं, मी पुढे झाले, आणि त्यांनी ते नीट, हळुवारपणे माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या पिशवीवर घातलं. पिशवीही माझ्याकडून काढून घेतली. मी ओलीचिंब.

"आणि मी?"

"भाऊसाहेब वाळत्यात," ते म्हणाले. "मिशीन वाळत न्हाई."

आठ दिवस मी शिंकत होते. लॅपटॉप मात्र ठणठणीत.

पण त्या माणसाची खरी ओळख मला डोंगलनं करून दिली. तालुक्याच्या बाजारपेठेत एक संगणकाचं दुकान होतं. दुकानदार सज्जन. एकदा मी चिंधूभाऊंबरोबर गेले तेव्हा म्हणाला, "मॅडम, डोंगराला कशाला चढता? डोंगल न् पिन माझ्याकडं ठेवून जा. इथं नेट घोड्यासारखं पळतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सह्या मारून ठेवतो." माझे गुडघे त्या वेळी फारच दुखत होते. मी डोंगल काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं आणि चिठ्ठीवर पिनही लिहून दिली.

स्टँडपर्यंत चिंधूभाऊंनी हिरडासुद्धा दिला नाही. गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला.

"भाऊसाहेब, ह्यो ठिवून येऊ का त्यांच्याकडं?"

"कशाला?"

"मी जातो गावाला. ह्यो इथं काम करील."

मी उठले. गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे, पळतच दुकान गाठलं. डोंगल घेतलं, चिठ्ठी फाडली, पिन बदलली. दुकानदार म्हणाला, "अविश्वास का मॅडम?" मी म्हटलं, "तुमच्यावर नाही हो, माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी चिंधूभाऊंच्या घरून डोंगलसाठी एक लहानसा बटवा शिवून आला. तो गळ्यात घालायचा. रोज घरी निघताना ते विचारायचे, "गळ्यात हाय?" आणि मी पिन टाकायला लागले की ते पाठ फिरवून उभे राहायचे. एकदा मी न सांगताच पिन टाकायला घेतली तर हे इतक्या घाईनं वळले, की खडकावरून पाय सुटून करवंदीच्या जाळीत बसले. काटे काढता काढता म्हणाले, "दिसला न्हाई हां आकडा. शपत."

आता चावडीवाचन. संगणकातला सातबारा कायम करण्याआधी तो गावात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, म्हणजे कुणाचं काही चुकलं असेल तर तिथल्या तिथं समजावं, अशी ही रीत. रीत जुनी, कामाला नव्यानं जुंपलेली. पुष्कळ ठिकाणी ती कशी व्हायची तेही सांगते, कारण पहिल्या दोन गावांत मीच तशी केली. मी लॅपटॉपवर बघून एसटीच्या कंडक्टरसारखी गावांची नव्हे माणसांची नावं ओढायची, समोर बसलेले दहापंधरा पुरुष दर दोन मिनिटांनी "बरोबर, बरोबर" म्हणायचे, आणि शेवटी चहा.

तिसऱ्या गावाला चिंधूभाऊ म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या टायमाला मी वाचू का?"

मला बरंच वाटलं, घसा बसला होता. मी नावांचे कागद छापून दिले. पण त्यांचं वाचन म्हणजे चौथीपर्यंतचं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, चिखलातून बैल काढावा तसं ते नाव बाहेर काढायचे. त्यात आणखी एक नियम त्यांनी स्वतःचा केलेला. एक नाव वाचलं की डाव्या हाताचा पंजा वर धरायचा आणि थांबायचं. तीन श्वास. कुणी बोलायचं नाही. तीन श्वासांत कुणी काही म्हटलं नाही, की पंजा खाली आणि पुढचं नाव. मला वाटलं, ह्या चालीनं मी ह्या गावातूनच निवृत्त होणार.

"इतकं काय थांबायचं?" मी चिडून विचारलं.

"नाव कानात जातंय, तिथनं काळजापातूर जायला वखुत लागतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, कागद घडी करत, "मी ल्हान आसताना एक यादी वाचली व्हती गावात. लई घाईनं. आमचं नाव आलं का ऱ्हायलं, बापाला कळलंच न्हाई. समदे 'बराबर' म्हनले, बापबी म्हनला."

कसली यादी ते त्यांनी सांगितलं नाही. समोर धरणाचं पाणी चमकत होतं.

भागाबाईच्या गावाला ते वाचन ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी चिंधूभाऊ घरोघर फिरून आले. दवंडी नेहमीची नव्हती. "बायांनीबी यायचं. दळान-पानी उरकून या, पन या." पुरुषांनी टिंगल केली, "कोतवालबाबा, हळदीकुंकू हाय का काय?" ते म्हणाले, "हळदीला पुरुष येत न्हाईत व्हय?" आणि पुढच्या घराकडे गेले.

समाजमंदिरात पुरुष आत, बायका बाहेरच्या ओट्यावर. मी घाईत होते. सकाळी घरून निघतानाच तालुक्यातून फोन आला होता, "तुमचीच गावं राहिलीत, आज उरका." संध्याकाळपर्यंत वाचन संपवून खडकावर जायचं आणि सही करून टाकायची, एवढंच माझ्या डोक्यात. सही झाली की ती पक्की. मग एक अक्षर बदलायचं तर अर्ज, सुनावण्या, आदेश आणि हेलपाटे. हे मला माहीत होतं. समोरच्यांना माहीत नव्हतं.

जमिनीच्या एका गटाची नावं आली. चिंधूभाऊ वाचत होते.

"बाळू धोंडू." पंजा. तीन श्वास.

"किसन धोंडू." पंजा.

"तुकाराम धोंडू." पंजा वर गेला तो वरच राहिला. तीन श्वास झाले, दहा झाले.

"वाचा की फुडं, बाबा," आतून कुणी म्हणालं.

"भाऊसाहेब, संपलं का?"

"संपलं. तिघंच आहेत."

"धोंडूला पोरं चार," चिंधूभाऊ म्हणाले.

मी मान वर केली. दारात एक बाई उभी होती. बाकीच्या बायका बसलेल्या, ही एकटीच उठून उभी. साठीच्या पुढची, कपाळ मोकळं. तिची गोष्ट मला नंतर कळली. धोंडूनं जिवंतपणीच तिन्ही मुलग्यांबरोबर मुलीचंही नाव जमिनीला लावलं होतं. ती लग्न होऊन पलीकडच्या गावात गेली, नवरा गेल्यावर परत आली, आणि वरच्या तुकड्यात नाचणी-वरई करून एकटी राहत होती. तिच्या पायाखाली तेवढीच एक जागा तिची म्हणता येण्यासारखी होती.

किसनचा मुलगा तिथंच बसला होता. वाईट माणूस नव्हता. गोड आवाजात म्हणाला, "आत्याचं नाव पूर्वीच कमी झालं आसंल. पन आत्या काय परकी हाय का? आमच्यातच हाय की."

"मी अंगठा कवा दिला?" भागाबाई म्हणाली. एवढंच.

आता माझी पाळी होती. आणि मी माझा सरकारी आवाज काढला. "मावशी, जुन्या कागदावर तुमच्या नावाला कंस केलेला आहे. कंस म्हणजे हक्क संपला. संगणकात तुमचं नाव चुकून राहिलं होतं, ते मी जुळवून कमी केलं. मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय."

ती बसली नाही.

चिंधूभाऊंनी खिशातून हिरड्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "दावा."

पेटी त्यांनीच आणली, त्यांनीच उघडली. हे मी आज स्पष्ट लिहिते. मी फक्त सातबाऱ्याचं ते पिवळं पान शोधून पुढं केलं, तेही फणकाऱ्यानं. "हा बघा कंस." भागाबाईच्या नावाच्या अलीकडे एक वाकडी रेघ, पलीकडे एक वाकडी रेघ. अगदी कंसच.

चिंधूभाऊंनी पान घेतलं आणि वाचायच्या ऐवजी ते दारापाशी गेले. दुपार होती. त्यांनी पान दोन्ही हातांनी उन्हासमोर धरलं.

धोंडूच्या नावाला केलेला खरा कंस काळाच राहिला. भागाबाईच्या नावाच्या दोन्ही बाजूंना मात्र उजेडाच्या दोन बारीक कोरी उमटल्या.

"भाऊसाहेब," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाईतनं ऊन येतंय का?"

कसर लागली होती. किडीनं कागद दोन्ही बाजूंनी नेमका वळणदार खाल्ला होता, आणि कडेला धूळ बसून तो शाईसारखा दिसत होता. खरा कंस असला की शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर लागतो. धोंडूच्या नावाशेजारी तो होता, हिच्या नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. मी किडीची सही खरी धरली होती आणि संगणकात जे बरोबर होतं ते 'दुरुस्त' करून चुकीचं केलं होतं.

आत हशा पिकला. एक जण म्हणाला, "मंजी भाऊसाहेबांनी आत्याला खाल्ली की राव!"

मी हातातला हिरडा तोंडात टाकला.

चिंधूभाऊ वळले. "किड्यानं खाल्ली," ते म्हणाले. "भाऊसाहेबांनी पेटीतनं हुडकून काढली. बसा खाली समदे. वाचन ऱ्हायलंय आजून."

त्या एका वाक्यावर मी पुढे इतकी वर्षं लग्नांतून गोष्ट सांगत फिरले. त्यांनी माझी अब्रू झाकायला घातलेलं इरलं मी कायमचं पांघरूनच घेतलं.

भागाबाईला त्यांनी उन्हात तेच पान धरायला दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते उजेडासमोर धरून त्या दोन कोरींतून बाहेर बघितलं, आणि मग बसली.

वाचन संपवून आम्ही धारेवर गेलो तर भागाबाई मागोमाग चढत आलेली. "मला बघायचंय नाव कसं चढतं," म्हणाली. वरचे नेमके झोपलेले. आम्ही तिघंही हिरडा चघळत खडकावर बसलो. ऊन कलायला लागलं तेव्हा सर्व्हर उठला. मी नाव पूर्ववत केलं. चिंधूभाऊंनी डोळे बारीक करून स्क्रीनवरून चारही नावं वाचली, प्रत्येक नावाला पंजा, तीन श्वास. ऐकणारी एकटी ती.

"भागाबाई धोंडू."

एक श्वास. दोन.

"बराबर," ती म्हणाली.

मग ते पाठ फिरवून उभे राहिले आणि मी पिन टाकली.

उतरताना मी म्हटलं, "चिंधूभाऊ, आज तुम्ही नसता तर..."

"मी काय केलं? तुमी खोडलं, तुमीच लिवलं. मी निस्ता थांबलो."

त्यानंतर माझी बदली पारगावच्या बाजूला झाली. तिथं ऊस, डांबरी रस्ते आणि खुर्चीत बसल्या बसल्या रेंज. तिथल्या कोतवालालाही मी तीन श्वासांचा नियम लावला. गावकरी वैतागतात. मी पंजा वर धरते आणि त्यांना हिरडा देते. चिंधूभाऊ निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. भेटायला जायचं जायचं म्हणत राहून गेलं. मला गोष्टी सांगायला वेळ असतो, जायला नसतो.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी घोडेगावला गेले होते. स्टँडवर माझी गाडी लागली होती. पलीकडे डिंभ्याच्या गाडीपाशी बाकावर डोंगरातल्या दोन बायका आणि त्यांच्या मधे खाकी शर्ट. नोकरी गेली तरी शर्ट तोच. त्यांनी कुणाचा तरी फोन हात लांब करून धरला होता आणि पडद्यावर बोट ठेवून सातबारा वाचत होते. पूर्वी त्यासाठी पेटी लागायची, मी लागायची.

डिंभ्याचा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ कोतवालबाबा, बसताय का सोडू?"

"थांब की रं. नावं ऱ्हायल्यात आजून."

एसटी थांबली. खरंच थांबली. मी चार पावलं पुढे गेले. हाक मारणार होते, "चिंधूभाऊ" हे नाव ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात त्यांनी एक नाव वाचलं, आणि मान खाली ठेवूनच डाव्या हाताचा पंजा वर केला.

मी होते तिथं उभी राहिले. एक श्वास. दोन. मागं माझ्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.